इंजिनाची शपथ

इंजिन बंद पडलं की मालकाला दोनच कारणं सुचतात. एक म्हणजे विकणाऱ्यानं फसवलं आणि दुसरं म्हणजे चालवणारा चोर आहे. तिसरं कारण शोधायला मला बोलावत, आणि ते सापडलं की मालक हमखास हिरमुसत. चोर सापडल्याचा आनंद निराळाच असतो. नळीतला कचरा सापडून तो मिळत नाही.

नंदुरबारच्या स्टेशनाजवळ माझं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, पान्यांची पेटी आणि एक बाकडं. दुसऱ्या जागतिक लढाईच्या आधीपासून तापीकाठच्या गावांत विलायती तेल-इंजिनं येऊ लागली होती. रेल्वेनं यायची, स्टेशनावर बैलगाडीत चढायची आणि पंप, सरकी काढायचं जिन नाहीतर पिठाची गिरणी ओढायला कुठल्या तरी गावी जाऊन बसायची. हल्ली ज्याला डिझेल म्हणतात त्याला आम्ही तेव्हा नुसतं तेल म्हणत होतो. मला मात्र सगळे मिस्त्री म्हणत. घरी बायकोही तेच म्हणायला लागली, तेव्हा माझं खरं नाव रेशनच्या कार्डापुरतं उरलं.

ज्यांनी असं इंजिन जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. याला ठिणगी लागत नाही, वातही लागत नाही. आत ओढलेला वारा दट्ट्यानं इतका दाबायचा की तो वाराच तापतो. त्या तापलेल्या वाऱ्यात पंपानं तेलाची बारीक फवार सोडली की भडका उडतो आणि चाक फिरतं. म्हणजे वारा, दाब आणि तेल. इंजिनाचा जोर गेला तर यातलं काहीतरी कमी पडतंय, याखेरीज चौथी भानगड नाही. कमी काय पडतंय ते धूर सांगतो. धूर काळा असेल तर तेल आहे पण वारा पुरत नाही. पांढरा असेल तर तेल न जळताच बाहेर पडतंय. आणि धूर न सोडता इंजिन गुमान मंदावत बंद पडलं, तर तेल पोचतच नाही. एवढं कळलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे मालकाचं बोलणं ऐकून घेणं, आणि त्याला कुठलाच पाना लागू पडत नाही.

शहाद्याच्या एका जिनवाल्या शेठजींचं इंजिन काळा धूर ओकत होतं. जाऊन पाहतो तर वारा ओढायच्या तोंडाला शेठजींनी धोतराचं चौपदरी फडकं बांधलेलं. कापसाचा तूस आत जाऊ नये म्हणून. तूस आत जात नव्हता हे खरं, पण वाराही जात नव्हता. मी फडकं सोडलं, इंजिन धडधडू लागलं. शेठजींनी फडक्याची नीट घडी घातली आणि म्हणाले, "मग यात तुम्ही काय केलंत?"

नंदुरबारच्या एका वकीलसाहेबांकडे मोटारगाडी होती. लढाईत पेट्रोलवर कंट्रोल आला, तेव्हा त्यांनी कायद्याच्या चालीनं विचार केला की पंपाचं इंजिन जर तेलावर चालतं तर मोटारीचंही चाललं पाहिजे. त्यांनी मोटारीच्या टाकीत पंपाचं तेल ओतलं. नळीत शिल्लक असलेल्या पेट्रोलवर गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, मग खोकली आणि बसली. मी सांगितलं की साहेब, मोटारीचं इंजिन ठिणगीवर पेटतं, त्याला हे जड तेल पचत नाही. साहेबांनी मान डोलवली आणि विचारलं, "सवय व्हायला साधारण किती दिवस लागतील?"

अशी माणसं पुष्कळ भेटली. पण ज्या इंजिनानं मला खरोखर घाम फोडला ते प्रकाशा गावाच्या वरच्या अंगाला, तापीकाठच्या एका गावात होतं. मालक मोतीराम पाटील. घराणं पूर्वी कधीतरी गुजरातेतून आलेलं, जमीन काळीभोर, केळी आणि ऊस. पाटील कमावलेल्या शरीराचे होते. तरुणपणी कुस्ती खेळलेले, आणि नंतरही प्रत्येक प्रश्नाशी तशीच झोंबी घेत.

त्यांच्या इंजिनावर सुपडू नावाचा ड्रायव्हर होता. त्याचा बाप पाटलांकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. पोरगाही सालदारच व्हायचा, पण इंजिन बसवायला मी गेलो तेव्हा हा माझ्या हाताखाली राहिला आणि चार दिवसांत इंजिनाचा स्वभाव शिकला. ते हँडल मारून सुरू करणं हे ताकदीपेक्षा युक्तीचं काम होतं. पाटलांनी एकदा ताकदीनं करून पाहिलं होतं आणि त्यानंतर बरेच दिवस ते डाव्या हातानं जेवत होते. सुपडू इंजिन सुरू करायचा, दिवसभर पुसत राहायचा. बाप बैलांमागे चालला आणि मुलगा इंजिनावर उभा राहिला, याचा त्या घराला केवढा अभिमान होता ते मी पाहिलं होतं.

लढाईतल्याच एका उन्हाळ्यात पाटलांचं माणूस दुकानात आलं. इंजिन चालता चालता बंद पडतं, केळी सुकायला लागलीत, लगेच या. मी गेलो. पाटील नदीकाठच्या इंजिनाच्या खोलीबाहेरच उभे होते.

"मिस्त्री, इंजिनमा काही दोष नही," ते म्हणाले. "माणूस चोर शे."

त्यांचा हिशेब असा. तेल कंट्रोलचं, काळ्या बाजारात त्याला सोन्याची किंमत. सुपडू तेल काढून विकतो आणि टाकीत रॉकेल नाहीतर पाणी घालून पातळी सारखी करतो. म्हणून इंजिन घटकाभर चालतं आणि दम सोडतं. ऐकायला कोणालाही पटावं असं होतं आणि गावाला पटलंही होतं. सालदाराच्या पोरानं पायात वहाणा घातल्या तेव्हापासूनच गाव काहीतरी पटवून घ्यायला टपलेलं होतं.

सुपडूचा चेहरा उतरून गेला होता. "मी तेलना एक थेंब बी लिधा नही, मिस्त्री," एवढंच तो म्हणाला.

मी टाकीचं झाकण काढलं. टाकी इंजिनाच्या वर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर तिवईवर बसवलेली होती, म्हणजे तेल आपल्या वजनानं खाली उतरतं. झाकण बाजूला ठेवलं, तेलाचा वास घेतला, बोटावर चोळून पाहिलं. तेल चोख होतं. गाळणी पाहिली, पंप पाहिला, फवार पाहिली. सगळं ठीक. इंजिन सुरू करवलं आणि मी तिथंच बसलो. दुपार कलली तरी इंजिन थांबलं नाही. पाणी थेट शेवटच्या केळीपर्यंत गेलं.

मी पान्यांची पेटी आवरली. सुपडूनं टाकीवर धूळ पडू नये म्हणून झाकण घट्ट बसवलं. मी नंदुरबारला पोचतो न पोचतो तोच निरोप मागोमाग आला. इंजिन बंद.

पुन्हा गेलो. पुन्हा झाकण काढलं, वास घेतला, सगळं तपासलं. पुन्हा इंजिन गुणी पोरासारखं चाललं. मी निघालो आणि पुन्हा बंद पडलं. आता तर पाटलांकडे पुरावाच झाला. मिस्त्री असले की चालतं, नसले की बंद पडतं. म्हणजे मिस्त्री समोर असताना सुपडूला लबाडी करता येत नाही. गावात दुसरा एक पक्ष म्हणत होता की इंजिन मला भितं. माझ्या धंद्याला हे फायद्याचं होतं, पण सुपडूच्या गळ्याला फास बसत चालला होता. पाटील त्याला फौजदाराच्या हवाली करायला निघाले होते. तसं झालं असतं तर तापीकाठच्या एकाही इंजिनापाशी त्याला कुणी उभं केलं नसतं. आणि माझी पंचाईत अशी की तो निर्दोष आहे हे मला ठाऊक होतं, पण दोष कशात आहे हे ठाऊक नव्हतं.

शेवटी पाटलांनी न्याय करायचं ठरवलं. त्यासाठी देव हवा, आणि देव घरचाच होता. इथं पाटलांच्या जमनाकाकींविषयी सांगायला हवं. चुलते गेल्यापासून घरातलं देवाधर्माचं सगळं काकींकडे. इंजिन आलं तेव्हा त्याची पूजा त्यांनीच केली होती. कपाळ कुठलं म्हणून त्यांनी इंजिनाला निरखून पाहिलं. खालचं धूड तापतं आणि तेलकट होतं, तिथं शेंदूर टिकेना. वर टाकीचं गोल झाकण थंड आणि स्वच्छ. ते कपाळ ठरलं. तेव्हापासून दर शनिवारी तेलात कालवलेला शेंदूर झाकणाला लागायचा. सुपडू रोज इंजिनाचा खिळा न खिळा पुसायचा, पण शेंदराला फडकं लावायचा नाही. देवाचा शेंदूर कोण पुसणार? मी स्वतः झाकण काढताना बोटं शेंदरानं माखणार नाहीत अशी कड धरूनच काढत असे.

न्यायाच्या सकाळी सगळा गाव नदीकाठी लोटला. पाटलांनी नंदुरबारहून तेलाचा सीलबंद डबा आणवला होता. सगळ्यांसमक्ष सील तोडलं आणि स्वतःच्या हातानं टाकी काठोकाठ भरली. काकींनी झाकणावर ताजा शेंदूर चांगला जाड लावला, फूल वाहिलं. मग पाटलांनी ते झाकण, तरुणपणी ज्या हातांनी गडी चीत केले त्या हातांनी, करकचून आवळलं.

मला त्यांनी लांब एका दगडावर बसवलं. "मिस्त्री, आज तुम्ही हात लावू नका. तुम्ही हात लावा का ते चालस."

शर्त साधी होती. सुपडूनं इंजिनावर हात ठेवून शपथ घ्यायची आणि इंजिन सुरू करायचं. पाटाचं पाणी शेवटच्या केळीला पोचलं तर तो खरा. आधी बंद पडलं तर फौजदार.

सुपडूनं हात ठेवला. शब्द मला ऐकू आले नाहीत, ओठ हलताना दिसले. त्याचा बाप गर्दीच्या मागं, उन्हात उघड्या डोक्यानं उभा होता. सुपडूनं हँडल मारलं, इंजिन पहिल्या दमात सुरू झालं, पंपानं पाणी फेकलं आणि पाणी पाटानं पळत निघालं. पोरंही त्याच्याबरोबर काठानं पळाली.

पाणी केळीच्या पहिल्या वाफ्यात शिरायच्या आतच इंजिनाचा आवाज सैल पडला. दोन हुंदके दिले आणि थांबलं. आजवर ते निदान घटकाभर चालायचं, आज तेवढंही चाललं नाही. पाटाचं पाणी जिथं होतं तिथंच जमिनीत जिरलं.

"व्हयना न्याय," पाटील म्हणाले. आणि खरं सांगतो, त्या माणसाच्या तोंडावर समाधान होतं. त्याची केळी सुकत होती, इंजिन बंद होतं, आणि तो समाधानी होता. मला इतका राग आयुष्यात फार थोड्या वेळा आला आहे.

रागानंच मी दगडावरून उठलो. "पाटील, तेल कोणी आणलं?" मी विचारलं.

"मी आणं."

"टाकीत कोणी ओतलं?"

"मीच. बठा गावनी देखं."

"झाकण कोणी आवळलं?"

पाटलांनी आपल्याच हातांकडे पाहिलं. "मग आजचा चोर कोण?" मी म्हटलं. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

पण मालकाला गप्प बसवल्यानं इंजिन चालत नाही. मी जवळ गेलो. बंद पडताना धूर नव्हता, काळा नाही की पांढरा नाही. म्हणजे तेल पोचत नव्हतं. वर टाकी काठोकाठ भरलेली आणि खाली इंजिन उपाशी. मी होतो तेव्हा चाललं, मी नसताना बंद पडलं. मग मी असताना असं काय असतं, जे मी नसताना नसतं? मी हात वर नेला तो सवयीनंच, नेहमीसारखा वास घ्यायला, आणि झाकण हलेना. पाटलांनी आवळलं होतं म्हणून असेल, असं वाटलं. अंगाचा जोर लावला. झाकण जरा फिरलं, आणि टाकीनं सूंऽऽ करून लांब श्वास आत ओढला. सगळ्या गावानं तो ऐकला. पुढची माणसं दोन पावलं मागं सरली.

तेल टाकीतून खाली उतरायचं तर त्याच्या जागी वरून वारा आत यावा लागतो. त्यासाठी झाकणाला टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक असतं. तोंडावर अंगठा दाबून धरलेल्या झारीतून पाणी पडत नाही, तसंच हे. काकींच्या शेंदराचे थर वर्षभर चढत गेले आणि एका शनिवारी ते भोक बुजलं. मी प्रत्येक वेळी आलो की आधी झाकण काढून बाजूला ठेवत होतो, म्हणून इंजिन चालत होतं. मी गेलो की सुपडू काळजीनं झाकण घट्ट लावायचा. आणि आज टाकी काठोकाठ भरल्यामुळे आत वाऱ्याला जागाच उरली नव्हती, म्हणून ते लवकर गुदमरलं. देवालाच शपथेला उभं केलं होतं आणि देवाच्याच नाकपुडीत शेंदूर भरला होता.

मी झाकण उन्हात धरलं आणि हे सगळं मोठ्यानं सांगितलं. शेंदूर खरवडायला खिशातून चाकू काढला, तर पाटील आडवे आले. "देवना कपाळले लोखंड लावानं नही!" गर्दीनंही माना हलवल्या. माणसाला चोर ठरवताना या गर्दीला काही वाटलं नव्हतं, पण झाकणाला चाकू लागणार म्हणताच सगळ्यांचा धर्म जागा झाला.

तेव्हा जमनाकाकी पुढं आल्या. त्यांनी माझ्या हातातून झाकण घेतलं, कुंपणातला बाभळीचा काटा मोडला आणि स्वतःच्या हातानं तो शेंदरात खुपसून फिरवत राहिल्या. वाळलेला शेंदूर खपल्या होऊन पडला आणि भोकातून उजेड दिसला. त्या सुपडूकडे वळल्या.

"मीच देवना श्वास कोंडा रे भाऊ," त्या म्हणाल्या, "आनि बोल तुले लागना."

त्यांनी त्याच्यापुढं हात जोडले. सुपडू खाली वाकून त्यांच्या पाया पडला आणि रडला. त्या सबंध गावात क्षमा मागणारं ते एकच माणूस निघालं, आणि जिचा अपराध सगळ्यात भोळा होता तिनंच ती मागितली.

इंजिन सुरू झालं. पाणी शेवटच्या केळीला पोचलं, सुपडूच्या बापानं तिथं उभं राहून ते पाहिलं. पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "चला, देव पावना." सुपडूकडे न बघताच पुढं म्हणाले, "सकाळले येरवाळी ये रे." उद्या लवकर ये, एवढ्यावर त्यांनी प्रकरण मिटवलं.

सुपडूनं मात्र मिटवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाटलांच्या ओट्यासमोर, जिथं सगळ्या गावाची ये-जा असते तिथं उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मालक, तेल देखी ल्या."

पाटलांना वाटलं काहीतरी बिघडलं. गेले. सुपडूनं टाकीचं झाकण उघडलं, त्यांना तिवईवर चढवलं, आत डोकावायला लावलं आणि मगच हँडल हातात घेतलं. संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर पुन्हा ओट्यासमोर हजर. "मालक, तेल देखी ल्या." तिसऱ्या दिवशी पाटील खेकसले की राहू दे, विश्वास आहे. सुपडू हात जोडून म्हणाला, "नही मालक, देखी ल्या," आणि हँडलला हात लावायला तयार होईना. लढाईमुळे दुसरा ड्रायव्हर मिळत नव्हता आणि केळी तर पाणी मागत होती. पाटील उठले. ते उठले की ओट्यावरची मंडळी नदीच्या वाटेकडे बघत बसत, आणि हसताना आता कुणालाही खोकला येत नसे.

पावसाळ्याच्या तोंडाशी मी तपासणीला गेलो, तेव्हा पाटलांनी मला केळीत एका बाजूला घेतलं. ते जरा रोडावले होते. "मिस्त्री, इंजिन मस्त चाली ऱ्हायनं," ते म्हणाले. "आते त्याले सांगा, हाई रोजनं देखनं बंद कर. तुमनं तो ऐकस."

मी टाकीपाशी गेलो. झाकण पाहिलं. काकी आता शेंदूर बाजूच्या कडेला लावत होत्या, भोक स्वच्छ होतं, त्यातून वारा खेळत होता. झाकण उघडून बघायची काडीमात्र गरज नव्हती. सुपडू इंजिन पुसत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा पुसायला लागला.

मी पाटलांकडे परत आलो आणि धंद्यात कमावलेली सगळी गंभीरता चेहऱ्यावर आणून सांगितलं की या जातीच्या इंजिनाला झाकण दोन्ही वेळा उघडणं फार जरुरीचं आहे, आणि ते मालकानं स्वतः उभं राहून उघडवलं पाहिजे.

"कव्हलोंग?" पाटलांनी विचारलं.

"इंजिन आहे तोवर," मी म्हटलं.

ते इंजिन फार चांगलं होतं. पुष्कळ वर्षं चाललं.